भिंतीवरचे सहा खंड

युरोप हा वेगळा खंड आहे असं कोणी ठरवलं, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा धनंजय सरांनी मला पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात काय लिहिलं आहे ते मला माहीत होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला ते कोणी सांगितलं, हे मी विचारत होतो.

धनंजय सर आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे नवे मुख्याध्यापक. आमचं गाव आंजीच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत. माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज मी भाड्यानं देतो. मी आठवीपर्यंत शिकलो. माझी बायको कमला मात्र डी.एड. झालेली होती आणि तिची बहुतेक नोकरी याच शाळेत गेली. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. किडनीचा आजार होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होती, तिथंच गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

जानेवारीत सरांचा फोन आला. सुंदर शाळेची स्पर्धा होती, तपासणीची समिती येणार होती, अंगणात मांडव पाहिजे होता. मी टेप घेऊन माप घ्यायला गेलो. पाहतो तर वर्ध्याहून आणलेला एक पेंटर कमलाच्या भिंतीला पॉलिश पेपर घासत उभा. इंग्लंड तर गेलंच होतं, फ्रान्सही अर्धा पांढरा झाला होता.

ती भिंत म्हणजे जगाचा नकाशा. सतरा-अठरा वर्षांपूर्वी शाळेच्या भिंती बोलक्या करा असा आदेश आला होता, तेव्हा दुसऱ्या शाळांनी पैसे देऊन चित्रं काढून घेतली. कमलानं स्वतः काढला. दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी आम्ही दोघं जायचो. माझ्या मांडवाचे बांबू बांधून पायाड केलं होतं. ती भिंतीवर चौकोन आखून नकाशा उतरवायची, मी रंग कालवायचो. आफ्रिका हिरवी, ऑस्ट्रेलिया तांबडा, दोन्ही अमेरिका वेगवेगळ्या निळ्या, खालचा अंटार्क्टिका पांढरा. आणि आशिया व युरोप मिळून एकच पिवळा. खाली तिनं जाड अक्षरांत लिहिलं होतं : पृथ्वीवर सहा खंड आहेत.

मी पेंटरला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, सरांना विचारा. मी ऑफिसात गेलो.

सर माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, मॅडमबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले की नकाशात चूक आहे, खंड सात असतात, समितीच्या नजरेस ती चूक आली तर शाळेचे गुण जातील. युरोपला फक्त जांभळा रंग द्यायचा आणि सहाच्या जागी सात करायचं, बाकी नकाशा मॅडमचाच राहील. वर एक पाटीही लावू म्हणाले. तिचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून ठेवला होता : कै. कमला मॅडम यांच्या स्मरणार्थ.

आम्ही बौद्ध, आमच्यात कै. लिहीत नाहीत. कालकथित लिहितात. आम्ही कैलासाला जात नाही. हे या गावात नोकरी करणाऱ्या माणसाला माहीत असायला पाहिजे. पण तेव्हा मी तेवढ्यावर अडलो नाही. मी त्यांना विचारलं की खंड कशाला म्हणतात.

ते म्हणाले, चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा मोठा भाग.

"मग सर, आशिया अन् युरोपच्या मधात पाणी कुठं आहे?"

सरांनी भिंतीवरच्या छोट्या नकाशाकडे पाहिलं. म्हणाले, मध्ये उरल पर्वत आहे. मी विचारलं, किती उंच? त्यांनी मोबाइलवर पाहिलं. आपल्या सातपुड्याहून थोडा उंच निघाला. मी म्हटलं, मग सातपुड्याच्या पलीकडे बैतूल वेगळ्या खंडात गेलं काय? ते हसले. मी हसलो नाही. मी म्हटलं, डोंगरानंच खंड होत असेल तर हिमालय केवढा आहे, त्याच्याहून उंच तर काहीच नाही, मग आपण त्याच्या खाली राहून उपखंड कसे? त्यांचा टेकडीएवढा डोंगर त्यांना पूर्ण खंड करतो आणि आमचा हिमालय आम्हाला नुसतं उप लावून देतो, हा कुठला हिशोब?

सर म्हणाले, "नत्थूभाऊ, हा संकेत आहे. जगानं मानलेला आहे."

"जगानं म्हणजे कोणी? आपल्याले कोणी विचारलं होतं?"

त्यावर त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं.

शेवटी त्यांनी पेंटरला दुसऱ्या भिंतीकडे पाठवलं आणि म्हणाले की शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे, पालक ठरवतील. आणि मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. दिवाळीनंतर तालुक्याची सामान्यज्ञान स्पर्धा झाली होती. आपल्या शाळेतून आणखी दोन मुलांबरोबर तेजल गेली होती, कैलासची मुलगी, पाचवीतली. शेवटच्या फेरीत तिला विचारलं, जगात खंड किती. तिनं सांगितलं, सहा. तिथंच तिचा नंबर गेला. निवडलेली मुलं नागपूरला तारांगण पाहायला जाणार होती. ती तेजलशिवाय गेली.

मी माप न घेताच घरी आलो.

रात्री अनुपला फोन लावला. हा माझा मुलगा, पुण्यात कंपनीत आहे. त्यानं अर्ध्या तासानं परत फोन केला आणि वाचून दाखवलं. रशियातल्या शाळेत सहाच शिकवतात, आशिया-युरोप एकत्र. दक्षिण अमेरिकेतल्या पुष्कळ देशांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड धरतात. ऑलिम्पिकच्या झेंड्यावर पाचच कड्या आहेत, कारण जिथं माणसं राहतात तेवढेच खंड त्यांनी मोजले, दोन्ही अमेरिका एक धरून. म्हणजे ज्याच्या हातात लेखणी, त्याचा आकडा. रशियातल्या पोरानं सहा म्हटलं तर त्याला शाबासकी आणि आमच्या तेजलनं सहा म्हटलं तर तिला गाडीत जागा नाही. माझ्या बायकोनं लिहिलं तर चूक. मला झोप आली नाही. मेलेल्या माणसाची चूक काढणं सोपं असतं, तो उठून उत्तर देत नाही.

आता कमलानं सहा का लिहिलं ते सांगतो, नाहीतर तिला येत नव्हतं असं कोणाला वाटेल.

ती भिंत रंगवायच्या आधीच्या उन्हाळ्यात महादेवराव पाटलांकडे नातवाच्या बारशाचं मोठं जेवण होतं. महादेवराव म्हणजे कैलासचे वडील, आणि बारसं कैलासच्या मोठ्या मुलाचं. मांडव माझाच. सगळं उभं झाल्यावर महादेवराव आले आणि म्हणाले की तिसऱ्या खांबापासून एक कनात लाव, तिकडं तुमच्या लोकांची पंगत. कनात म्हणजे आडवा कापडी पडदा. मी लावली. मी धंदेवाला माणूस, गिऱ्हाईक म्हणेल तिथं लावतो. भात एकाच गंजातला, वरण एकच, वाढणारेही तेच. कमलाला मात्र रुख्माबाई पाटलीणबाई हात धरून कनातीच्या अलीकडे घेऊन गेल्या, कारण ती मास्तरीण होती. माझी वहिनी आणि पुतण्या पलीकडे बसले. कमला पानावर बसली, एक घास घेतला नाही, उठली आणि चुलीजवळ उभी राहून आचाऱ्यांबरोबर जेवली. महादेवराव मला म्हणाले, तुमच्या मॅडमले गर्मी होऊन राह्यली वाटते.

दिवाळीत पायाडावर उभी राहून युरोपच्या रेषेपाशी आली तेव्हा तिनं माझ्याकडून जांभळा रंग घेतला नाही. म्हणाली, पिवळाच द्या. मी विचारलं, पुस्तकात तर वेगळा आहे. ती म्हणाली, "जमीन एक आहे. इथं कनात कोणीतरी नंतर लावली."

एवढंच ती बोलली. मी पिवळा दिला.

शनिवारी सभा भरली. व्हरांड्यात सतरंजी, त्यावर पालक, समोर सर खुर्चीवर. समितीची अध्यक्ष मयुरी. ती आमच्या वस्तीतली, कमलाच्या हाताखाली शिकलेली, आता तिची मुलं त्याच शाळेत. आधी शौचालयाचा विषय झाला, मग पोषण आहाराच्या तांदळाचा, मग भिंतीचा. सरांनी सरळ सांगितलं, आपली इच्छा काय आहे ते. मग कैलास उठला.

कैलास आपल्या बापासारखा नाही, मवाळ आहे. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता. तो म्हणाला की मॅडम चांगल्या होत्या, त्यात वाद नाही, पण पोरगी दोन दिवस जेवली नाही, तिच्या वर्गातली दुसरी मुलं तारांगण पाहून आली आणि तिला सांगत बसली. "त्या नकाश्यापायी माह्या पोरीचा नंबर गेला. उद्या दुसऱ्याच्या पोरीचा जाईन. हे कोण भरून देते?"

मी शांत बोलायचं ठरवून गेलो होतो. अनुपनं सांगितलेलं कागदावर लिहून नेलं होतं, रशिया, अमेरिका, कड्या. ते मी वाचलं. दोन-तीन जण हसले. कोणीतरी मागून म्हणालं, नत्थूभाऊ आता रशियात मांडव टाकते काय. त्यानं माझं डोकं फिरलं. मी कागद खिशात घातला आणि कैलासला विचारलं की तुझ्या मुलाच्या बारशाला कनात कुठल्या खांबापाशी लावली होती, आठवते काय.

सरांना काही समजलं नाही, ते त्या वेळी इथं नव्हते.

कैलास म्हणाला, "तो वेगळा विषय आहे, भाऊ."

"तोच विषय आहे."

"ते बाबानं केलं होतं. मी नाई."

"तू जेवला ना तिथं? अलीकडे का पलीकडे?"

मग मी पुष्कळ बोललो. जमीन एक असताना मध्ये रेघ मारणारे नेहमी स्वतःच्याच बाजूला पूर्ण खंड ठेवतात आणि दुसऱ्याला उप म्हणतात, असं म्हटलं. माझ्या बायकोनं ती रेघ मारली नाही म्हणून तुम्ही तिला चूक म्हणता, असं म्हटलं. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण बोलताना माझी नजर व्हरांड्याच्या खांबाकडे गेली. तिथं तेजल उभी होती, बापाकडे पाहत. तिनं तर कनात लावली नव्हती. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. तिनं भिंतीवर जे वाचलं ते खरं मानून सांगितलं होतं, आणि त्याची भरपाई माझ्याकडे काहीच नव्हती.

मी खाली बसलो.

मग मयुरीनं तेजलला जवळ बोलावून विचारलं की कमला मॅडमनं तुमच्या वर्गाला खंडांचा धडा शिकवला होता काय. तेजल नाही म्हणाली. धडा यायच्या आधीच मॅडम दवाखान्यात गेल्या होत्या. नंतर बदलीवर आलेल्या मास्तरांनी धडा घरी वाचून या म्हणून सांगितलं. तिनं भिंतीवरचं वाचलं, ते मोठ्या अक्षरांत होतं.

मयुरी सरांकडे वळली. "सर, मॅडम आमाले नुसते सहा नाई सांगे. त्या म्हणे, परीक्षेत सात लिहिजा. सहा काऊन, ते इचाराले घरी येजा."

तिच्याबरोबर शिकलेल्या आणखी दोघी तिथं होत्या. त्यांनीही मान हलवली. एक म्हणाली की ती गेलती विचारायला, मॅडमनं मुरमुरे दिले होते.

हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मुलं आमच्या ओसरीवर बसलेली मी पाहायचो, पण लग्नसराईत मी घरी कधी असायचो? मला वाटायचं शिकवणीला येतात. कमलानं मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता तिच्या तोंडचं वाक्य मला मयुरीकडून ऐकायला मिळालं, ते असं भरल्या सभेत, तांदळाच्या विषयानंतर. मला उठून जावंसं वाटलं. मी गेलो नाही.

मी सरांना म्हटलं की युरोपला हात लावू नका, सहाला हात लावू नका. त्याच्या खाली मयुरीनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहा.

सर म्हणाले, शाळेच्या भिंतीवर दोन उत्तरं कशी लिहायची, मुलांचा गोंधळ होईल. आणि कोणाच्या घरी या असं सरकारी भिंतीवर लिहिता येत नाही. मी म्हटलं, गोंधळ आहेच, तो जगात आहे, भिंतीवर नाही. हे त्यांना पटलं नाही. पटलं कैलासला. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "सात लिहा म्हणून मोठ्या अक्षरात पायजे. मंग बाकी काय बी राहू द्या." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मयुरीनं हात वर करायला सांगितलं. सरांना धरून चार जण विरोधात होते, बाकीचे बाजूनं.

पेंटरनं पुसलेलं इंग्लंड आणि फ्रान्स पुन्हा पिवळे केले. रंग थोडा वेगळा आला, जुना पिवळा उन्हानं उडाला होता. त्यामुळे आता नीट पाहिलं तर युरोपचा तुकडा वेगळा दिसतोच. मला त्याचा राग येतो. पण सगळा आशिया नव्यानं रंगवला तर तिच्या हातचा जाईल, म्हणून तसाच ठेवला. खाली ओळ आली : परीक्षेत सात लिहा. सहा का, ते विचारायला या. 'घरी' हा शब्द सरांनी काढायला लावला. पाटीवर कालकथित लिहून घेतलं, ते मी समोर उभं राहून लिहून घेतलं.

तपासणीची समिती आली. माझ्या मांडवात बसली, पोहे खाल्ले, हात धुवायच्या नळांचे फोटो काढले, शौचालयाचं दार उघडून पाहिलं. भिंतीकडे एकानंही मान वळवली नाही. आठ दिवस ज्या चुकीपायी माझी झोप उडाली, ती चूक पाहायला कोणाला वेळ नव्हता. शाळेला केंद्रात, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांत, तिसरा नंबर मिळाला. सर खूश होते.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तेजल घरी आली. कैलास तिला मोटरसायकलवर घेऊन आला होता आणि फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहिला. मी त्याला आत ये म्हटलं. तो म्हणाला, ठीक आहे, इथंच बसतो. मी दुसऱ्यांदा म्हटलं, मग आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला. बारशाचं तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही.

तेजल म्हणाली, "सहा काऊन, ते इचाराले आली."

मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं. जमीन जोडलेली असेल तर ती एक. डोंगर मध्ये आला म्हणून दोन होत नाही, नाव वेगळं दिलं म्हणून होत नाही. उरल सांगितला, सातपुडा सांगितला, हिमालय सांगितला. ती ऐकत होती. तिनं पिशवीतून नकाशाचं पुस्तक काढलं आणि जमिनीवर उघडलं.

"मंग आफ्रिका बी आशियालेच जोडून आहे. हे पाहा. इथं कालवा आहे, पण तो तर माणसायनं खोदला." मग तिनं पान उलटून दोन्ही अमेरिकांच्या मधल्या बारीक पट्टीवर बोट ठेवलं. "इथं बी कालवा खोदलेलाच आहे. म्हणजे ह्या दोन बी एकच. मंग सहा कुठून आले? चारच होते."

मी पुस्तक हातात घेतलं. चष्मा लावून पाहिलं. ती म्हणते तसंच होतं. मला राग आला. तिला म्हटलं, म्हणजे मॅडम चुकली म्हणतेस काय?

कैलास म्हणाला, तेजे, गप बस. ती गप बसली नाही. "चुकल्या नाई. त्यायनं पुरं मोजलं नाई."

यावर कमलानं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. काहीतरी दिलं असतं. नाहीतर हसली असती आणि म्हणाली असती, बरोबर आहे, चार. ती तशीही होती. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं राहिलो आणि ती यातलं काय म्हणाली असती ते मला ठरवता येत नाही. ती असती तर मी विचारलं असतं. हाच माझा सगळा राग आहे, युरोपवरचा तर उगाच.

तेजलला मी मुरमुरे दिले. जाताना तिनं विचारलं की मग भिंतीवर आता चार लिहिणार काय.

मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. तुझे चार बरोबर असतील. पुस्तकाचे सात पुस्तकाकडे राहू दे. त्या भिंतीवर सहा आहेत आणि मी जिवंत आहे तोवर सहाच राहतील. तुला चार लिहायचे असतील तर मोठी हो, मास्तरीण हो, आणि स्वतःची भिंत रंगव. बांबू माझ्याकडून घेऊन जा.

ती म्हणाली, घेऊन जाईन.